खोलीखोलीचं नाक

मे महिना, त्रिमूर्तीनगर,
नोकरदार मुलींचं होस्टेल, तीन मजले.
शिडी माझी, ड्रिल माझं.
नाक तेवढं माझं राहिलं नाही;
साथीत वास गेला तो परत आलाच नाही.
धुराचे डिटेक्टर लावणाऱ्याला धूर कळत नाही,
हे मी ढोबळेबाईंना सांगितलं नाही.
कंपनीलाही नाही.

"सगळीकडे सारखंच लावून टाका ना," बाई म्हणाल्या,
"हिशोबाला बरं पडते."
मी म्हटलं, बाई,
सगळ्या भाज्यांना मीठ एकाच मापाचं टाकता काय?

गच्चीवर टिनाचं स्टोअर.
फाटक्या गाद्या, गंजके कूलर, मागच्या सालच्या वाळ्याच्या ताट्या.
अडीच वाजता टिनाच्या पोटाशी थर्मामीटर धरला:
त्रेपन्न.
पुस्तिकेत लिहिलंय, सर्वसाधारण खोलीला सत्तावन्न.
लिहिणाऱ्याने नवतपा पाहिला नसेल.
सत्तावन्नाचा इथं लावला
तर आगीच्या आधी नागपूरच वाजेल.
अठ्ठ्याहत्तरचा लावला.
खाली उतरेपर्यंत शिडीचे चटके तळहाताला.

स्वयंपाकघरात धुराचा नकोच.
रविवारी यमुना हेडाऊ सावजी रस्सा करते,
मिरची तेलात पडली की
तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी खिडक्या उघडतात.
यंत्राला कोण समजावणार
की हे जळणं नाही, जेवण आहे.
उष्णतेचा लावला, ठरलेल्या अंशाचा.
मिनिटाला किती चढली ते मोजणारा दुसरा होता,
तो पिशवीतच ठेवला.
यमुनाबाई गंजाचं झाकण काढते तेव्हा
वाफ एका दमात छताला जाते,
अन् रोज रोज खोटं ओरडणाऱ्याची
एक दिवस कोणीतरी बॅटरी काढून ठेवतेच.

न्हाणीघरापासून चार हात लांब.
कूलरच्या ओल्या झोतापासून लांब.
बुद्धमूर्तीच्या कोपऱ्यात संध्याकाळी अगरबत्ती असते, तिथं जरा सैल,
रात्री अकरानंतर घट्ट.
ही दिवस-रात्रीची सोय पॅनलमध्येच आहे:
दिवसा माणसं जागी, थोडा धूर माफ;
रात्री झोपलेली, थोडाही नाही.
सगळ्या खोल्यांना एका बटनात लावून
मी पाणी प्यायला बसलो.

नऊ नंबरचं दार उघडलं.
रेशीम मानकर, मिहानमध्ये रात्रपाळी,
डोळे चुरमुरलेले, कानात अजून बोळे.
"दादा, ड्रिल किती वेळ चालून राहिलं?
मी आत्ताच झोपली होती."
दुपारचे तीन.
माझी रात्र अकराला सुरू होत होती,
तिची सकाळी आठला.
मी तिच्या खोलीला म्हणत होतो:
हिच्या झोपेत थोडा धूर चालेल.

घड्याळ पुसलं. नऊ नंबरला चोवीस तास घट्ट,
आवाजही उशाजवळ, मोठा.
"खिडकीत एखादी सिगारेट ओढली तर?"
"वाजेल."
"एखादीच."
"एखादीलाही वाजेल."
तिनं भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे.
"बरं," म्हणाली, "गच्चीवर जाईन."
गच्चीवर ताट्या आहेत, मी म्हटलं.
मग दोघंही थोडे हसलो.
ताट्या मी संध्याकाळी खाली आणून ठेवल्या,
बिलात ते लिहिलं नाही.

घरी मी दिवसातून चारदा विचारतो,
काही जळून राहिलं काय?
करुणा आधी वैतागायची.
आता हातातलं सोडून उंबऱ्यापर्यंत येते,
एक श्वास घेते,
"नाही," म्हणते, अन् परत जाते.
तिला सैल-घट्ट करायचं बटन नाही.

शेवटी पॅनलवर नावं टाकायची असतात,
एका जागेला सोळाच अक्षरं.
स्टोअर टिन. किचन.
आग लागली तर बंबवाले पहिले हेच वाचतात.
नऊ नंबरला आलो,
दोनदा खोडलं,
मग टाकलं:
९ दिवसा झोपते.